टोमॅटोचं कोमट सूप

उकळत्या पाण्यातले टोमॅटो नीलांबरीने झाऱ्याने काढले आणि गार पाण्यात सोडले. साली तडकल्या होत्या, बोट लावताच सुटून येत होत्या. घरामागच्या वाफ्यातले टोमॅटो होते, सकाळीच तोडलेले.

शेजारच्या अहिल्याची अक्कलदाढ काढली होती. तिच्या पोटात नीट काही गेलं नव्हतं.

"तुझ्या हातचं सूप घेईल ती कदाचित," तिचा नवरा संजय फोनवर म्हणाला होता. "जमेल तुला?"

"न जमायला काय झालं?"

दोन वर्षांपूर्वी, परदेशात, श्रूजबरीतल्या या घरात राहायला आल्या आल्या, नीलांबरीकडे फोन नव्हता. नागपूरला माहेरी तिने अहिल्याचा नंबर देऊन ठेवला होता. गणपतीच्या दिवशी मंडळाचा सगळा स्वयंपाक नीलांबरीकडे होता. त्या पहाटे तिच्या भावाचा फोन अहिल्याने घेतला. बाबा गेले होते. अहिल्याने ते सांगितलं आरती, जेवणं, आवराआवर सगळं उरकल्यावर, हॉलच्या पार्किंगमध्ये.

"आधी सांगितलं असतं तर कोसळली असतीस गं. इतकी माणसं यायची होती."

भाऊ नंतर म्हणाला, "तू येईपर्यंत आम्ही बाबांना ठेवणार होतो, ताई. पण त्या बाई म्हणाल्या, तिला यायला जमणार नाही, थांबू नका."

नीलांबरीने याबद्दल अहिल्याला कधी अवाक्षरही विचारलं नाही. ती तिच्याकडे हळदीकुंकवाला गेली, तिच्या मुलीच्या वाढदिवसाला केक घेऊन गेली. हसून बोलली. आणि वाट पाहत राहिली.

तिने लोण्यावर लसूण परतला. टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळले, त्यात मीठ घातलं, चिमूटभर साखर घातली. सूप रटरटायला लागल्यावर वरच्या फळीवरची बरणी काढली. भिवापुरी तिखट, भावानेच पाठवलेलं. एक चमचा घातला. मग दुसरा. तिसरा तिने शीग लावून घेतला. लालात लाल मिसळून गेलं.

चव तिने घेतली नाही. सूप कोमट होऊ दिलं आणि पातेलं घेऊन शेजारी गेली.

अहिल्या टेबलाशी बसली होती, एक गाल टम्म सुजलेला. नीलांबरीने तिला वाटी भरून दिली. अहिल्याने पहिला चमचा तोंडात घेतला आणि तिचा हात हवेतच राहिला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने वर पाहिलं.

नीलांबरीने नजर हलवली नाही.

"थांबू नकोस," ती म्हणाली.

अहिल्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चमचा बाजूला ठेवला आणि वाटीच तोंडाला लावली. कपाळ घामेजलं, हनुवटी थरथरायला लागली, तरी वाटी रिकामी होईपर्यंत तिने खाली ठेवली नाही.

"अगं, पाणी काय आलंय डोळ्यांतून!" संजय खूश होऊन हसला. "इतकं आवडलं? थांब, मीपण घेतो थोडं."

त्याने पातेल्याकडे हात नेला. अहिल्याने झाकणावर तळवा ठेवला.

"नको," सुजलेल्या तोंडाने ती कसंबसं बोलली. "माझ्यासाठीच केलंय तिने."

आणि रिकामी वाटी नीलांबरीपुढे सरकवली.

नीलांबरीने डाव उचलला. तो पातेल्यात बुडवायला मात्र तिला वेळ लागला.