सगळ्यांच्या हाताची कुऱ्हाड

मी एक कुऱ्हाड आहे, मित्रांनो. संग्रामपूरकडच्या एका गावात, पुंजाजींच्या घरी, दाराशेजारच्या भिंतीवर टांगलेली. मला जुनी म्हणायला हरकत नाही. पण जुन्या वस्तू झिजलेल्या असतात, आणि मला झिजवलं कोणी? येणारे-जाणारे माझ्यावर हात फिरवतात, वाहवा करतात. या कौतुकाचा मला आता वीट आला आहे.

माझा जन्म कचरू लोहाराच्या भट्टीत झाला, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून. पुंजाजींचा मुलगा देवानंद पुण्याला कारखान्यात आहे. तो सुट्टीला आला तो मोबाइलवर कुऱ्हाडींचे व्हिडिओ पाहूनच. घरातली बारकी जुनी कुऱ्हाड त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. त्याची आई सिंधूताई रोज सकाळी त्याच कुऱ्हाडीने बाभळीची लाकडं फोडायची. गॅस चहापुरता, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. आईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून मला घडवायचं ठरलं. हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही.

"कचरूकाका, एकदम प्रीमियम पायजे," देवानंद म्हणाला. "फांद्या तोडता आल्या पायजे, लाकूड फोडता आलं पायजे, मांगून खुटा ठोकता आला पायजे. एकच, पण सगळ्या कामाची."

कचरूने घण खाली ठेवला. "बाबू, पातळ केली तं फांदी झकास तोडीन, पण लाकडात फसून बसीन. जाड केली तं लाकूड फोडीन, अन् फांदीवरून उडीन. कोनतं काम जास्त हाय?"

"मधातली कर," पुंजाजी म्हणाले.

तशी मी मधली झाले. मग धारेचं निघालं. तापलेल्या पात्याला कडक पाणी दिलं तर धार टिकते, पण टवका उडतो. नरम ठेवली तर टवका उडत नाही, पण सारखी घासावी लागते. देवानंदला धार टिकायला हवी होती. खुटा ठोकायचा म्हणून माझी मागची बाजू जाड ठेवली, त्याने वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून दांडा लांब हवा, असं शेजारचे भाऊराव म्हणाले. एक गुण द्यायचा तर दुसरा काढून घ्यावा लागतो, मित्रांनो. तिथे जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या पसंतीचा गुण मला दिला.

सिंधूताई बाजारातून येताना तिथे थांबली होती. हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "कचरूभाऊ, मले एका हातानं उचलता यीन अशी करजा."

"तुले काय समजते त्यातलं?" पुंजाजी म्हणाले, आणि सगळे हसले. देवानंदही हसला. ती पिशवी उचलून घरी गेली. ते हसणं आठवलं की आजही मला संताप येतो.

मला धावड्याच्या लाकडाचा लांब, गुळगुळीत दांडा बसला. पहिल्याच दिवशी पुंजाजींनी बाभळीच्या गाठीवर घाव घातला आणि माझ्या धारेचा टवका उडाला. बोल लागला कचरूला. देवानंद पुण्याला गेला, आणि मग सिंधूताईने मला हातात घेतलं. ती अंगणातल्या टिनाच्या शेडखाली, एक गुडघा टेकून लाकडं फोडते. मला उचललं की मी वरच्या टिनाला लागायची. दांडा मध्यावर धरला तर त्याचं मागचं टोक तिच्या बरगडीत बसायचं. थोड्याच दिवसांत तिचं मनगट सुजलं. तिने मला पुसून भिंतीवर टांगलं आणि बारकी जुनी पुन्हा बाहेर काढली.

त्या जुनीचं पातं दांड्यात घट्ट धरणारी पाचर ढिली झाली होती. "कचरूभाऊकडून बसवून आना," सिंधूताई सांगून थकली.

"घरात नवी असतानी जुनीले काऊन पाचर?" पुंजाजींचं हे ठरलेलं उत्तर. म्हणजे मी स्वतः उपयोगाची नव्हतेच, शिवाय जी उपयोगाची होती तिची दुरुस्तीही माझ्यामुळे अडली.

एका सकाळी घाव घालताना जुनीचं पातं दांड्यातून निसटलं आणि सिंधूताईच्या पायात घुसलं. दारातून मला सगळं दिसलं. शीर तुटली, टाके पडले. तिचं पाऊल आता नीट उचलत नाही.

आणि भेटायला आलेले लोक काय म्हणाले? "एवढी भारी कुऱ्हाड घरात, अन् हे बाई जुनीच धरून बसली!"

देवानंद पुण्याहून धावत आला. आईच्या खाटेशी बसून रडला. "माय, नवी काऊन नाई घेतली?"

"ते माह्या हाताची नाई बाबू," ती म्हणाली. "मी तवाच सांगतलं होतं."

त्याने डोळे पुसले, मला भिंतीवरून काढलं आणि तडक कचरूकडे नेलं. मला वाटलं, कळलं याला.

"काका, ही पाहा, अशीच, पण मायसाठी हलकी बनवा."

"दांडा केवढा ठेवू?" कचरूने विचारलं.

देवानंदने स्वतःचा हात पुढे केला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत माप दाखवलं. "इतका."

"वीतभर जास्त ठेव," भाऊराव म्हणाले. "ताकद बसते."

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, तिला गंजू देऊ नका, असं आम्ही वस्तूंनी शेवटी सांगायची पद्धत आहे. मला तेल भरपूर मिळतं. माझं मागणं वेगळं आहे. ज्याच्यासाठी काही घडवायला निघालात, त्याचा हात आधी आपल्या हातात घेऊन बघा. कचरूच्या भट्टीपासून सिंधूताईची खाट हाकेच्या अंतरावर आहे. त्या दिवशीही तिला कोणी हाक मारली नाही.