शेजारची सीट

गाडीतून काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, हा दादांचा नियम. गॅरेजवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका बहाद्दराने पूर्वी जुनाच पार्ट पुसूनबिसून परत बसवला होता, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. जुना पार्ट हातात आला की ते तो रॉकेलमध्ये धुवायचे, वहिनींच्या शिवणातल्या चिंधीत गुंडाळायचे आणि घराच्या मागच्या खोलीत फळीवर ठेवून द्यायचे. याला कोणी वेड म्हणत असेल तर म्हणो बापडा.

गाडीही तशीच, लाडावलेली. दोन माणसांची, बुटकी, डाळिंबी रंगाची, आत बसलं की गुडघे तोंडाशी यायचे. दिवे लावले की ते बॉनेटमधून वर उघडायचे, आणि त्यातला डावा नेहमी आळस देत मागाहून यायचा. तिचे नखरे सांभाळायचं काम पान्याकडे होतं. पाना म्हणजे दादांचा मेकॅनिक. मागच्या खिशात कायम पाना असायचा म्हणून हे नाव. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा पटकन आठवत नसे. गाडीखाली लोळण्यात त्याची वर्षं गेली. दादा त्याचं डोकं खायचे, पण जीवही तितकाच लावायचे. या खोलीतल्या सामानातून एक दिवस दुसरी गाडी निघेल, असं तो त्यांना चिडवायचा. दादा म्हणायचे, निघू दे की, त्यातून तुझ्या वहिनीला फिरवीन.

दादा गेले ते त्याच गाडीत. घरासमोर गाडी उभी, इंजिन चालू, हात गिअरवर. वहिनी खिडकीशी शिवणयंत्रावर होत्या. त्यांना वाटलं, हे नेहमीसारखे इंजिनाचा आवाज ऐकत बसलेत. म्हणून त्यांनी ब्लाउजची दुसरी बाही शिवायला घेतली. ती बाही पुढे त्यांनी किती वेळा उसवली असेल, ते त्यांनाच ठाऊक.

मग तो डावा दिवा सुरू झाला. वहिनी गाडीजवळून गेल्या की तो आपोआप वर यायचा, तसाच आळस देत. गाडी आता दादांची लेक कामावर न्यायची; तिने एकदा हे पाहिलं आणि घाबरून पान्याला बोलावलं. वायर कुठेतरी चिकटत असेल, म्हणत पान्याने दिव्याची मोटर बदलली. दिवा शहाण्यासारखा वागायला लागला. जुनी मोटर पान्याने नियमाप्रमाणे वहिनींच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी त्याला मागच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि ऐकायला सांगितलं. त्या आत गेल्या. फळीवरच्या चिंधीत मोटर घुर्रर्र करून एकदा फिरली आणि थांबली. तिला वायर नव्हती, बॅटरी नव्हती. काहीतरी थातुरमातुर कारण सांगून पाना निघाला, पण निघता निघता त्याला दिसलं की वहिनी हसताहेत. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिथून वहिनींना छंदच जडला. गिअरचा दांडा सैल वाटतो, बदला. क्लचचा पेडल कुरकुरतो, बदला. काही सैल नव्हतं आणि काही कुरकुरत नव्हतं, हे पान्याला पक्कं माहीत होतं. तरी तो भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालून पार्ट शोधायचा, बसवायचा आणि जुना आणून द्यायचा. आता फळी मागे पडली होती. वहिनी एकेक वस्तू जमिनीवर मांडत होत्या, जिथली तिथे: दिव्याची मोटर पुढे, पेडल मागे, मध्ये गिअर. स्पीडोमीटर एका स्टुलावर. लेकीला वाटायचं, आई बाबांची आठवण जपते आहे आणि गाडीही नव्यासारखी होते आहे, मग बिघडलं कुठे.

पान्याने नाही म्हणायला हवं होतं. पण स्टीअरिंग आणून ठेवलं त्या दिवशी त्याने सहज त्यावर हात टेकला, आणि चाकात बारीक थरथर होती, इंजिन चालू असताना असते तशी. तो लहान मुलासारखा रडला. त्यालाही दादा हवे होते. मग दादांची सीट काढून आणताना त्याचे हात अजिबात अडखळले नाहीत. सीट जमिनीवर ठेवली, तशी ती आपल्या रुळावर दोन खाचा मागे सरकली. दादा उंच होते.

त्यानंतर वहिनींनी शेजारची सीट मागितली.

त्या सीटवर इतकी वर्षं वहिनींशिवाय दुसरं कोणी बसलं नव्हतं. जे त्या सीटमधून निघून खोलीत येणार होतं, ते काही दादांचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पान्याने नियम मोडला. खरी सीट गॅरेजात ताडपत्रीखाली दडवली आणि भंगारातून तशाच रंगाची, तशीच झिजलेली आणून दिली.

वहिनी तिच्यावर बसल्या आणि लगेच उठल्या. चिडल्या नाहीत. "भावजी, ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "माझी आणा."

"वहिनी, पोरीचा विचार करा."

"तिचाच केला इतके दिवस. तुम्ही तिची गाडी आता धड केलीत. ती कुठे अडणार नाही." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी बाही शिवत बसले, भावजी. ते एकटेच गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्याने ताडपत्री ओढली. सीट आणि तिचा पट्टा आणून दादांच्या सीटशेजारी ठेवला, आणि वहिनींकडे न बघता घरी आला. घरी त्याला जेवण गेलं नाही. आपण हे काय करून बसलो, या विचाराने तो नुसता घरभर फिरत राहिला.

दुपारी लेकीचा फोन आला. आई घरात नाही, काका. यंत्राच्या सुईखाली कापड तसंच आहे. चपला मागच्या खोलीच्या दाराशी आहेत, पण दार आतून लागलंय आणि ती ओ देत नाही.

पान्याने दार खांद्याने तोडलं. खोलीला खिडकी नव्हती, दुसरं दार नव्हतं. आत पेट्रोलचा वास कोंडला होता. दोन्ही सीट रिकाम्या. शेजारच्या सीटचा पट्टा मात्र लावलेला होता, आणि तो सीटवर पडला नव्हता. कोणाच्या तरी अंगावरून यावा तसा तो पोटाशी फुगून ताणलेला होता. लेकीने पुढे होऊन सीटवर हात ठेवला आणि मागे घेतला. सीट गरम आहे, ती म्हणाली.

पान्याचं लक्ष स्टुलावर गेलं. स्पीडोमीटरची केबल त्याने स्वतः तोडली होती. तिचं टोक लोंबत होतं. काटा थरथरत एका जागी टिकून होता, फार वेगात नाही. वहिनींना वेग सोसत नसे. त्याखाली किलोमीटरचा शेवटचा आकडा सावकाश वर सरकत होता. तो गेला, त्याच्या जागी पुढचा आला.

"काका, आई कुठाय?" लेकीने विचारलं. तिने पान्याचा हात घट्ट धरला होता, लहानपणी धरायची तसा.

काढलेलं हातात द्यायचं, हा नियम त्याने वर्षानुवर्षं पाळला होता. तिच्या हातात द्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. तो तिथेच दादांच्या रिकाम्या सीटपुढे खाली बसला आणि आकडा फिरताना बघत राहिला.