दोघं बसल्यावरचं माप

मी बोलतोय तो गाडीच्या पाठीमागून बोलतोय, तेव्हा जरा इकडे वाका. आणि वाकताना नडगी सांभाळा. माझ्यावर नडगी आपटून मला शिव्या देणाऱ्यांची या घरात कमी नव्हती. आता इथे येतंच कोण म्हणा.

मी एक हुक. ट्रेलर ओढायचा हुक. जाड लोखंडी मान आणि तिच्यावर मुठीएवढा गोळा, एवढंच माझं रूप. माझे भाऊबंद ट्रॅक्टरला लागले, जीपला लागले, ओझं ओढून खाऊनपिऊन सुखी आहेत. माझ्या नशिबी आली स्पोर्ट्स कार! दोन माणसांची, बसकी, गडद हिरवी, आणि नाकाने कांदे सोलणारी. मला तिच्या पाठीला लावलं तेव्हा कितीतरी दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. अजूनही आमचं यथातथाच आहे.

गाडी बाईंची. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवली. त्या शिकाऊ डबड्यात बसून "क्लच, क्लच! आरशात बघा, तोंड नका बघू!" असं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. काम सोडलं त्या दिवशी स्वतःच्या कमाईची ही गाडी दारात आणून उभी केली. "हिला मागची सीट नाही, म्हणजे मागे बसून अक्कल शिकवणारं कुणी नाही," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मालक शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्टिअरिंग म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. त्यामुळे बाई चालवायच्या आणि मालक मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसायचे. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मी ऐकीव सांगतोय.

मग बाईंचे पाय गेले. आजार कुठला ते मला विचारू नका, मी लोखंड आहे. घरात चाकांची खुर्ची आली आणि ती काही केल्या या गाडीत मावेना. डिकी कसली, जेवणाचा डबा ठेवला की भरली! जो तो म्हणाला, ही विका आणि ऐसपैस गाडी घ्या. बाईंची बहीण तर गिऱ्हाईकच घेऊन आली.

"माझे पाय गेलेत, गाडी नाही गेली," बाई म्हणाल्या. "जाईन तर हिच्यातूनच जाईन. नाहीतर बसेन घरात."

आणि खरंच बसल्या. खिडकीशी. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. ज्या बाईंचा आवाज चौकापर्यंत जायचा, त्यांच्या घरात आता घड्याळ ऐकू यायला लागलं. मालकांना ते बघवेना. तेव्हा ते एका सकाळी चालत फिटरकडे गेले आणि म्हणाले, "गाडीला हुक लावून द्या. मागे छोटा ट्रेलर जोडतो, त्यात हिची खुर्ची ठेवतो."

फिटर हा मोठा खवट माणूस. त्याने पाना खाली ठेवला. "काका, त्या गाडीला हुक? अहो, नव्या कोऱ्या कोटाला पोत्याचं ठिगळ लावायला सांगताय."

"ठिगळं लावण्यातच माझा जन्म गेलाय," मालक म्हणाले. "नीट लावलं की दिसत नाही. आणि दिसलं तर दिसलं. तिला बाहेर काढायचंय मला."

फिटरने पाना पुन्हा उचलला. गाडी फिटरच्या माणसाने चालवत आणली. दोघांनी मिळून माप घेतलं, मालकांची कापडी टेप आणि फिटरचा खडू. गाडी खाली किती, ट्रेलरचा दांडा वर किती, सगळं बघून झालं. मग मला कापलं, वाकवलं, जोडलं, घासलं, काळा रंग दिला. माझा जन्म हा असा, ठिणग्यांच्या आतषबाजीत. मी मनात म्हटलं, वा, आपण कुणीतरी आहोत!

इकडे मालक गाडी शिकत होते. त्या वयात! शिकवणाऱ्या अर्थात बाईच, शेजारच्या सीटवरून. गाडी आचके देत गल्लीत यायची आणि बाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, सुई ओवताय का? पाय सोडा हळूच. हळूच म्हटलं!" ज्या बाई आठवडेच्या आठवडे बोलल्या नव्हत्या त्या आता भांडत होत्या. मालक मुकाट्याने ऐकून घ्यायचे आणि गालात हसायचे.

पहिल्यांदा बाहेर पडायचा दिवस उजाडला. बाईंना उचलून सीटवर बसवलं, खुर्ची घडी घालून ट्रेलरमध्ये ठेवली, ट्रेलरच्या दांड्याची वाटी माझ्या गोळ्यावर खट्कन बसली. मालक आत बसले, आणि माझा जीव खाली गेला. खरंच खाली गेला! दोन माणसांच्या वजनाने गाडीची पाठ बसली, तिच्याबरोबर मी बसलो, माझ्याबरोबर ट्रेलरचं नाक रस्त्याला टेकलं. कोपऱ्यापर्यंत जाईतो खरडण्याचा असा आवाज झाला की लोक खिडक्यांत आले.

मालक धावत मागे आले. बघितलं आणि तसेच उभे राहिले. आत बाईंनी काच खाली केली. "काय झालं?"

"गाडी रिकामी असताना माप घेतलं गं आम्ही."

मग बाई हसायला लागल्या. "अहो, जन्मभर शिंपीकाम केलंत आणि माप कुणाचं घेतलंत? खुंटीवरच्या कोटाचं!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मालकही हसत होते, पण माझ्याकडे वाकून डोळे पुसत होते. पुढून बाईंना ते दिसलं नसेल. मला दिसलं.

पुन्हा फिटरकडे. यावेळी दोघांनी गाडीत बसायचं आणि फिटरने माप घ्यायचं असं ठरलं. तो माझ्याशेजारी पालथा पडलेला, आणि वर यांचं सुरू.

"अहो, पोट आत घेऊ नका. गाडीला कळत नाही."

"सवय आहे गं, माप घेताना."

"इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलंत ना, मोकळे उभे राहा म्हणून? मग मोकळे बसा."

फिटर पडल्या पडल्या हसत होता. माझी मान कापून दोन बोटं वर जोडली. त्या सांध्याचा वळ अजून माझ्या मानेवर आहे. ते माप दोघांचं होतं. दोघं बसली की ट्रेलर अगदी सपाट, जरा वर नाही की खाली नाही.

मग आमचे दिवस आले! समुद्राकडचा रस्ता, तळ्याकाठचा रस्ता, कधी नुसतंच पेट्रोल भरून परत. पुढे काय यायचं ते मला कधी दिसलं नाही, माझं तोंड मागे. पण बाईंचा आवाज मागेपर्यंत यायचा. "गिअर बदला... आरसा... त्या ट्रकच्या नादी लागू नका, त्याला घरी कुणी वाट बघणारं नसेल." मालकांनी माझ्यासाठी कोटाच्या उरलेल्या कापडाची टोपी शिवली होती, आतून अस्तर लावून. बाईंचा हुकूम होता. शिंप्याच्या गाडीचा हुक बोडका दिसला तर लोक काय म्हणतील?

आणि मग बाई गेल्या. आडपडदा कशाला? एका सकाळी पांढरी गाडी आली, त्यांना घेऊन गेली, आणि त्या परत आल्या नाहीत. गॅरेजचं दार बरेच दिवस उघडलंच नाही. टोपीखाली मी, मागे ट्रेलर, त्यात खुर्ची.

पुढे बाईंची बहीण आली. वाईट नाही हो ती, तिलाही सुचत नव्हतं. "भावजी, खुर्ची वृद्धाश्रमात देऊन टाकू. ट्रेलरही देऊ, त्यांना सामान आणायला होईल. कुणाच्या तरी कामी येईल."

"मी पोचवतो," मालक म्हणाले. "मीच नेतो."

त्या दिवशी मालक एकटे बसले. मला लगेच कळलं. मी खाली गेलो, पण पुरता गेलो नाही. मी वर राहिलो, तसं ट्रेलरचं नाकही वर राहिलं, आणि प्रत्येक खड्ड्याला खुर्ची मागे घरंगळून फळीवर आपटायला लागली. धाड. पुन्हा धाड. मालकांनी गाडी कडेला घेतली. मागे येऊन ट्रेलरची साखळी बघितली, वाटी हलवून बघितली. सगळं जागच्या जागी. मग खिशातून टेप काढली, माझ्यापासून रस्त्यापर्यंत धरली, आणि आकड्याकडे बघत राहिले. नंतर मान वर करून त्यांनी मागच्या काचेतून आत बघितलं. शेजारच्या सीटकडे.

सायकलवरून चाललेला एक माणूस थांबला. "काका, काही मोडलंय का?"

"नाही," मालक म्हणाले. "माप बरोबर आहे."

सायकलवाला बिचारा काय समजणार? तो निघून गेला. मालक टेप हातात धरून तिथेच उभे राहिले. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

खुर्ची दिली, ट्रेलर दिला. येताना माझ्यामागे रिकामा रस्ता होता. तोवर मागे नेहमी कुणीतरी असायचं, माझ्या गोळ्यावर त्याचं ओझं असायचं. ते उतरलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटलं. मला फार एकटं वाटलं.

त्यानंतर गाडी इथेच आहे. मध्ये बहिणीने पुन्हा एक गिऱ्हाईक आणलं, चांगला हौशी माणूस. त्याने गाडीवरून हात फिरवला, मागे आला आणि म्हणाला, "हे एवढं कापून द्या, मग घेतो." मालकांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. बहीण चिडली. "भावजी, त्या लोखंडापायी गाडी सडवणार का?" मालकांनी गाडीवर कापड ओढून तिला झाकलं. हिरवी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी जरा बरी वागते. आम्हा दोघांनाही दुसरं आहे कोण?

आता रोज दुपारी गॅरेजचं दार कुरकुरतं. मालक येतात, कापड बाजूला करतात, गाडीत बसतात. पण कुठे बसतात? बाईंच्या सीटवर. गाडी त्या अंगाला किंचित कलते, मीही कलतो, म्हणून मला समजतं. बराच वेळ बसतात. कधी काच खाली केल्याचा आवाज येतो, कधी तोही नाही. मग उठतात, कापड ओढतात, दार लावतात. हिरवीची बॅटरी उतरत चालली आहे. मालकांचा खोकला वाढला आहे. घरात दुसऱ्या कुणाच्या पावलांचा आवाज नाही.

मालक, मी मागे असतो, तुम्हाला माझं ऐकू यायचं नाही, तरी बोलतो. मला काही ओढायला द्या असं नाही म्हणत. त्यांच्या सीटवर तुम्ही कितीही वेळ बसलात तरी ही गाडी बोटभरसुद्धा पुढे जायची नाही. एवढ्या वयात, इतकी बोलणी खाऊन तुम्ही चालवायला शिकलात, ते कुणाच्या हट्टापायी? तेव्हा उद्या आलात की पलीकडून या. स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडा, किल्ली लावा आणि निघा. माझ्यामागे कुणी नाही, तुमच्या शेजारी कुणी नाही. तरी जाऊ.