मोठ्या जहाजाचा नवस

"लहान डोंग्यात नोको बसू रे बाबू. मोठा येऊ दे."

वैनगंगेच्या खळखळीवरून तरंगत आलेला मायचा तो आवाज प्रविणला अजून तसाच ऐकू येतो. तेव्हा तो हाफपँटीतला होता. नदीकाठच्या कारध्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, पलीकडच्या काठाला मामाचं. पूल दूर, म्हणून डोंग्यानं जायचं. लहान डोंगा रिकामा उभा असला तरी माय, सुलोचनाबाई, ऊन डोक्यावर घेऊन मोठ्याची वाट पाहायची. बकऱ्या, सायकली, माणसं, सगळं त्या मोठ्या डोंग्यात चढलं की तिचा जीव थाऱ्यावर यायचा. धारेत लहान डोंगा गिरकी घेतो, मोठा घेत नाही, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. नदीपुरतं ते खरंही होतं.

पुढे पोरगा नौदलात गेला. पहिली नेमणूक छोट्याशा क्षेपणास्त्र-नौकेवर झाली. तिचा फोटो पाहिला आणि सुलोचनाबाईला जेवण गोड लागेना. ती नवस बोलली: वैनगंगामाय, माह्या बाबूले मोठं जहाज भेटू दे, पेन्शनीवरी त्याच्यावरच राहू दे, तुले लाकडाचं जहाज वाहीन.

मोठं जहाज मिळालं. विनाशिका जातीची युद्धनौका होती, गावच्या शाळेसारख्या चार शाळा मावतील एवढी. आता प्रविण सुट्टीवर आला होता. नोकरीची मुदत थंडीत संपत होती. पुढे राहायचं की घरी यायचं, ते परत गेल्या गेल्या सांगायचं होतं. मायनं मात्र त्याच्या वतीनं ठरवूनच टाकलेलं. धानाचा रोवणा आटोपला होता, नदी भरून वाहत होती, आणि सोमवारी नवस फेडायचा होता.

गावच्या सुताराच्या, वासुदेवराव वाढयाच्या अंगणात सागाचं जहाज आकाराला येत होतं.

"किती उंच करू वहिनी?" वासुदेवरावांनी रंधा थांबवला.

"करा नं हातभर. काठी आनखी उंच. काठावरच्या सगळ्यायले दिसलं पाह्यजे."

"उंच नोको," प्रविण म्हणाला. "बुटकं करा काका."

"काहून गा?" मायनं विचारलं.

"तसंच."

"तूच तं म्हनला होता फोनवर, पाच मजल्याच्या घरावानी हाये म्हून."

"म्हटलं होतं."

"मंग?"

प्रविण पायाखालचा भुसा अंगठ्यानं उकरत राहिला.

"मोबाईलवर पाह्यलं मी," वासुदेवराव म्हणाले. "तिकडं काळ्या समुद्रात रशियाचं एवढं मोठं जहाज बुडवलं. दोन क्षेपणास्त्रं लागले मनते. अन् ज्यायनं मारले त्यायच्यापाशी धड जहाजंबी नोव्हते."

"ते त्यायचं असन. आपलं मजबूत हाये. तुमी रंधा मारा भाऊजी, मोबाईल पाहून पाहून माह्यं जहाज वाकडं करून ठेवसान."

वासुदेवराव हसले. प्रविणला हसू आलं नाही. तो उठून चालू लागला, तरी मायचा आवाज मागून येतच होता, "काठी उंच करा, त्याचं नोका आयकू."

कसं सांगायचं हिला? तो रडारवर बसतो. त्याचं काम वाट पाहण्याचं. तलावाच्या पाण्याला पोट टेकवून पाणकावळा यावा, तसं शत्रूचं क्षेपणास्त्र लाटांना चिकटून येतं. पृथ्वीचा गोलावा त्याला लपवतो. क्षितिजावरून वर आलं की पडद्यावर ठिपका उमटतो, आणि मग हातात उरतो तो वेळ एवढाच की माणसानं चपला शोधाव्यात. तेवढ्यात ते पाडायचं. पाडता येतं, जहाजावर त्याची सगळी तयारी असते. पण आलेली सगळी पाडावी लागतात. शत्रूचं एक लागलं तरी पुरे. आणि त्यांना जहाज शोधावं लागत नाही. समुद्रावर उभं असलेलं पाच मजली घर कुणालाही दुरून दिसतं. छोट्या नौकेवर होता तेव्हा ती बेटांच्या आडोशाला दडायची. आता दडायला जागा नव्हती. मायच्या नवसानं त्याला उघड्यावर आणून ठेवलं होतं, आणि ती सुखानं झोपत होती.

धानाच्या बांधीत निंदणाऱ्या बाया तिचंच गाणं म्हणत होत्या. तिनंच रचलेलं, तिनंच साऱ्यांना शिकवलेलं.

*माह्या बाबूचं जहाज, जसा उभा गं डोंगर*
*वाट देते गं समुद्र, मांगं सरते लहर*

ओळ गोड होती. तो झपझप घराकडे निघाला.

घरी बायकोनं, तृप्तीनं, ताट वाढलं. तो ओसरीवरून धानाच्या सपाट हिरव्या कडेवर, क्षितिजावर ठेवावी तशी, नजर ठेवून बसला होता.

"त्या बांधीकडं पाहनं सोडा," ती म्हणाली. "धान काई उडून नाही येत अंगावर."

"जेऊ देशीन का?"

"आईले सांगून टाका नं."

"काय सांगू?"

"जे मले नाही सांगत, तेच."

"तुले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत म्हूनच विचारून राहिली." तिनं भाताचं भांडं जरा जोरात ठेवलं. "पाच वर्सं झाले, तुमी एकच सांगता, मोठं हाये, मोठं हाये. जसं मी जहाज विकतच घेऊन राहिली."

तो अर्ध्या ताटावरून उठला. राग तिच्यावर नव्हता. पण उतरायला दुसरी जागा कुठं होती?

सोमवारी काठावर अर्धं गाव जमलं. वासुदेवरावांनी शेवटी मायचंच ऐकलं होतं. हातभर उंच जहाज, त्याच्यावर काठी, काठीला पताका. सुलोचनाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. बायांनी गाणं धरलं. ज्याच्यासाठी नवस, त्यानं ओंजळीत नदीचं पाणी घेऊन तो मोठ्यानं बोलायचा, ही तिच्या माहेरची रीत. एकदा नदीला शब्द दिला की मागे घ्यायचा नाही.

"बोल बाबू," मायनं जहाज छातीशी धरलं होतं. "म्हन, पेन्शनीवरी याच जहाजावर राहीन."

प्रविणनं ओंजळ भरली. गाणं थांबलं. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"म्हन नं."

पाणी बोटांतून गळत राहिलं.

"लाजते का रे? नदीच तं हाये."

"माय," तो म्हणाला, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिला वाकून ऐकावं लागलं. "मोठं जहाज पहिले दिसते. जो मारनार, तो त्यालेच पाहून मारते. तुह्या नवसानं मी सुखरूप नाही झालो, माय. मले भेव लागते. रोज लागते. मले पुढं नाही राहायचं त्याच्यावर."