अकरावं भूत

रांगेत उभ्या उभ्या तिनं उद्यानातल्या जुन्या भूतगुहेची मनातल्या मनात मोजदाद केली. आठ डबे, प्रत्येकात दोन जागा. आत अकरा भुतं. दहा कागदाच्या लगद्याची, दोरी ओढली की हलणारी. अकरावं म्हणजे तिचे बाबा. शेवटच्या वळणावर भिंतीच्या खाचेत ते ओला रबरी हातमोजा घालून उभे असत आणि येईल त्याच्या मानेवर तो टेकवत. उद्यानात सगळे त्यांना ‘हडळ’ म्हणत. चिडली की आईसुद्धा.

आता ते इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी उभे होते. गुहा नव्यानं बांधून झाल्यावर उद्यानानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. डबे मात्र जुनेच होते, रंग तेवढा नवा. आसनाच्या पाठीवरची आडवी पितळी पट्टीही तशीच. आठ वर्षांची असताना तिचं डोकं त्या पट्टीच्या एक बोट वर यायचं. मागे हात नेऊन तिनं ते तेव्हाच मोजून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी उद्यानात गर्दी, म्हणून सुट्टीला बाबा कधी घरी नसत. एरवी असत, पण खांबासारखे. लेकराच्या पाठीवरून हात फिरवणं त्यांच्या गावीच नव्हतं. म्हणून ती गुहेत जायची. वळणाआधी दोनदा खोकायची, ही खूण. मग हातमोजा येत नसे. अंधारातून कोरडा, उबदार हात यायचा, केसांवरून दोनदा फिरायचा आणि जाता जाता कानाची पाळी चिमटीत धरायचा. बाहेर आल्यावर दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

डबे सोडणारी मुलगी बाबांना ओळखून हसली.

“हडळकाका, आज तुमची घाबरायची पाळी.”

“मी कशाला घाबरतोय? घरी तुझी काकू आहे ना.”

आत लगद्याची भुतं नव्हती. भिंतींवर निळसर उजेडाची चित्रं सरकत होती. कुणी किंचाळत नव्हतं. वळण जवळ आलं तशी ती सवयीनं दोनदा खोकली. बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

हात आला. मऊ रबराचा, आतून गरम केलेला. तिच्या मानेवरून दोनदा फिरला, मग दोन बोटं कॉलरवर मिटली. बाबांच्या खांद्यावरही तसाच एक. तेवढ्यात पुढच्या डब्यातून एका लहान मुलीचा खिदळण्याचा आवाज आला.

“आई, माझा कान धरला कुणीतरी.”

बाहेर येऊन दोघं बाकावर बसल्यावर तिनं विचारलं,

“हे तुम्ही शिकवलंत त्यांना?”

बाबा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. इंजिनियर मंडळींनी हालचाल टिपून घ्यायला त्यांच्या हाताला वायरी बांधल्या होत्या आणि काय काय करायचात ते सगळं करून दाखवा म्हणाले होते. त्यांनी ओला हातमोजा दाखवला, वेणी ओढणं दाखवलं, कानात फुंकर दाखवली. काहीच चाललं नाही. मागे एक पोर आत बेशुद्ध पडलं होतं, तेव्हापासून कुणाला भिववायचं नाही असा नियम होता. आणखी काही आहे का, असं ती मंडळी विचारत राहिली.

“मग हेच एक उरलं होतं.”

“ते माझं होतं, बाबा.”

“त्यांना आवडलं. म्हणाले, काका, हे झकास आहे, सगळ्यांना देऊ.”

“आणि तुम्ही देऊन टाकलंत.”

“तू कधी बोलली नाहीस त्याबद्दल. मला वाटलं, विसरली असशील.”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

बाबांनी चहा घेऊ या का, असं विचारलं. ती नको म्हणाली. ते एकटेच टपरीकडे गेले. आता ते खांदा जरा पाडून चालत.

रांग ओसरली होती. डबे सोडणाऱ्या मुलीला विचारून ती पुन्हा आत गेली, एकटीच. शेजारची जागा रिकामी होती. या वेळी वळणाआधी ती खोकली नाही.

हात आला. तिच्या मानेवर एक आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर एक. तो दुसरा हात निळसर उजेडात हवेतून दोनदा फिरला. ती वळली आणि आठव्या वर्षी मोजलं होतं तसं रिकाम्या जागेच्या पितळी पट्टीवर तिनं आपलं बोट आडवं ठेवलं. दोन रबरी बोटं हवेतच मिटली आणि हात मागे जाऊ लागला.

पट्टी आणि तळवा यांच्यामध्ये बरोबर एक बोट मावत होतं.