भिंतीलगतची फेरी

पशुवैद्य बाई दुरुस्त करून नेलेली गाडी घेऊन आठवड्याच्या आतच परत आल्या, तेव्हा गॅरेजमध्ये दोघे भाऊ दुसऱ्या एका गाडीच्या दोन बाजूंना वाकलेले होते. बाईंची गाडी जुनी, पुतण्याकडून घेतलेली. शर्यतीच्या वेडापायी त्याने तिच्यात इंजिनात हवा रेटणारा मोठा टर्बो बसवला होता, आणि वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बॉनेटखालून कोंडलेल्या कबुतरासारखी फडफड येत असे. गाडी थांबण्याआधीच गोठ्यातली जनावरे बिथरतात, ही त्यांची मूळ तक्रार.

“फडफड गेली हो,” बाई म्हणाल्या. “पण आता सिग्नलला उभी राहिली की धापा टाकते. काल तर बंदच पडली. मागचे लोक मला जे काही बोलले, ते माझ्या पेशंटांनाही कळलं असतं.”

थोरल्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकेसुद्धा. तो कानामागे हात धरून पुढे झाला. “काय टाकते?”

“धापा,” धाकटा मोठ्याने म्हणाला, आणि लगेच घाईने, “दादा, ही मी बघतो. तू तो क्लच उरक.”

“का? हे काम मी केलंय.”

दोन वर्षांपासून दादाला कमी ऐकू येत होते. घरात त्याची थट्टाही रुळली होती. वहिनी म्हणायची, “यांना माणसांचं ऐकू येत नाही, इंजिनांचं तेवढं येतं. मीच एक टर्बो बसवून घेते आता.” दादा हसायचा, कारण इंजिनांचे ऐकू येते हे त्याला खरेच वाटे. फडफड घालवणे हे त्याचे खास काम होते. पाय उचलला की हवेची पुढची वाट मिटते. टर्बोने रेटलेली हवा उलटी फिरून त्याच्याच पात्यांवर आपटते, तीच ही फडफड. ती हवा तत्क्षणी बाहेर सोडण्यासाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असतो, आणि त्यातली स्प्रिंग नेमकी लागते. फार कडक असली तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. फार मऊ असली तर उभ्या गाडीतही तो नीट मिटत नाही, आणि इंजिन अडखळते. हा नेमकेपणा दादा कानाने ठरवी. गोदामांच्या लांब भिंतीलगत, काच खाली करून तो गाडी पळवी आणि पाय उचली. भिंतीवरून आवाज परत येई.

अलीकडे तो दादापर्यंत पोचत नव्हता. धाकट्याला हे कळले त्या दिवशी तो शेजारीच बसला होता. फडफड ढळढळीत ऐकू आली, आणि दादाने समाधानाने मान डोलावली. वडिलांच्या माघारी धाकट्याच्या हातात पहिला पाना दादानेच दिला होता. खरे सांगायला उघडलेल्या धाकट्याच्या तोंडातून “मस्त” एवढेच बाहेर पडले. तेव्हापासून दादा जेवायला घरी गेला की तो स्प्रिंगा बदलून ठेवी. गेल्या खेपेला बाई गाडी न्यायला लवकर आल्या. फेरी मारून पाहायला वेळ नव्हता, म्हणून हाताला लागली ती सर्वांत मऊ स्प्रिंग त्याने घातली होती.

दादाने व्हॉल्व्हची टोपी उघडली आणि स्प्रिंग तळहातावर घेतली. तिच्यावर निळा ठिपका होता.

“मी पिवळी घातली होती.”

धाकटा फडक्याने हात पुसू लागला.

“तू बदललीस?”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“फडफड गेली नव्हती, दादा.”

“गेली होती. मी स्वतः भिंतीशी नेली होती गाडी,” दादा म्हणाला, आणि वाक्य संपता संपता त्याचा आवाज उतरला. बाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“आणखी कुठल्या?” त्याने विचारले. “पांढरी व्हॅन?”

“हो.”

“टॅक्सीवाल्याची?”

धाकट्याने मान खाली घातली.

“तो मिठी मारून गेला रे मला. म्हणाला, तुमच्या कानाला तोड नाही. तू इथेच उभा होतास.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. मग? आठ दिवस तोंड पाडून बसलो असतो, मग डॉक्टरकडे गेलो असतो. कान गेले ते गेले.” दादाने स्प्रिंग बाकावर ठेवली. “मी घरी जाऊन तुझ्या वहिनीला सांगितलं ते. दोनदा सांगितलं.”

थोड्या वेळाने त्याने पिवळी स्प्रिंगच पुन्हा बसवली आणि दोघांना गाडीत बसायला सांगितले. भिंतीलगत त्याने गाडी पळवली, पाय उचलला.

“येतेय?”

“येतेय,” धाकटा म्हणाला.

दादाने काच पूर्ण खाली घेतली, डोके बाहेर कलवले आणि पुन्हा पाय उचलला. मग पुन्हा एकदा. मागच्या सीटवर बाईंनी दाराची कडी घट्ट धरली होती. भिंत संपली तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. त्याला फडफड ऐकू आली नव्हती.

रस्त्याच्या कडेलाच त्याने स्प्रिंग बदलली. दोन्हींच्या मधली, लाल ठिपक्याची. बोटे नेहमीसारखीच चालत होती. तोच रस्ता, तीच भिंत, तोच वेग. पाय उचलताच व्हॉल्व्हचा एक स्वच्छ, आखूड सुस्कारा उमटला आणि विरला. थांबल्यावरही इंजिन एका लयीत चालत राहिले.

“गेली, दादा,” धाकटा म्हणाला. “आता एकदम साफ आहे.”

ते खरे होते. दादाने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग आरशातून मागे पाहत तो म्हणाला, “बाई, तुम्ही सांगा.”

“गेली,” बाई म्हणाल्या. त्याला ऐकू गेले नसेल असे वाटून त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने सांगितले.

दादाने मान डोलावली आणि गाडी वळवली. गॅरेज येईपर्यंत धाकटा बाहेर पाहत होता.