वाढप्याची पंगत

कुरुंद्याच्या पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, स्वयंपाक रत्नपालचा. नवरा-नवरी बदलायचे, मांडव बदलायचा, वांग्याची भाजी मात्र तीच. हजार माणूस बसो की दीड हजार, शेवटच्या पंगतीतल्या शेवटच्या म्हाताऱ्याला पहिल्या पंगतीतल्या सरपंचाइतकाच रस्सा मिळणार, अशी त्याची ख्याती होती. या ख्यातीनं त्याच्या डोक्यात चांगलीच हवा गेली होती आणि तिचा सगळा त्रास बायकोला व्हायचा.

बायको शीतल, गावातली आशा कार्यकर्ती. आठ वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करत आणि त्यांना डोस पाजत गावभर हिंडत होती. घरी आली की स्वतःच्या साडेचार वर्षांच्या पोरीमागं ताटली घेऊन पळायची. पोरीचं नाव सुजाता. भगवान बुद्धांना जिनं खीर दिली तिचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलेलं, पण या सुजाताला खीर पाहिली की उमासे यायचे. भाकरी पाहिली की पोट दुखायचं, भाजी पाहिली की शी लागायची. एका घासासाठी ती अंगणाला तीन फेऱ्या मारायला लावायची, मग तो घास गालात कोंबून तासभर हिंडायची आणि शेवटी तुळईखालच्या कोपऱ्यात थुंकायची. तिला चालायचं ते एकच, फकीरचाचाच्या दुकानातलं पाकिटातलं लाल-पिवळं कुरकुरीत काहीतरी.

"तुला वाढता येत न्हाई," रत्नपाल बाजेवर पडून सांगायचा. "म्हणून लेकरू खात न्हाई."

शीतलला ऐकायलाही सवड नसायची. तिच्या हातात ताटली असायची आणि पोरगी तोवर गोठ्यापर्यंत पोचलेली असायची.

पावसाळ्यात लग्नं थांबली आणि रत्नपाल घरी बसला, तेव्हाच शीतलला हिंगोलीहून बोलावणं आलं. पाच दिवस तिथंच राहून प्रशिक्षण आणि सहाव्या दिवशी परीक्षा. पास झाली की ती गटप्रवर्तक होणार होती, वीस आशा तिच्या हाताखाली येणार होत्या. ही संधी तिनं तीन वेळा सोडली होती. एकदा पोटुशी होती म्हणून, एकदा सासू शेवटच्या दुखण्यात होती म्हणून आणि एकदा पोरगी जेवत नाही म्हणून. आता चौथ्यांदा कुणी विचारणार नव्हतं.

"सुजाताला शेजारच्या अमीरबी खालाकडं ठेवू का?" तिनं विचारलं.

"काहून? मी मेलो का?" रत्नपाल उठून बसला. "हजार माणूस जेवू घालतो मी. एका पोरीला चार घास चारणं होणार न्हाई का मला?"

"हजार माणूस भुकेलं येते," शीतल म्हणाली. "ही येत न्हाई. अन् ऐकून ठेवा, पोरगी उपाशी हाये असं कळलं ना, तर मी परीक्षा-बिरीक्षा पाहणार न्हाई. बॅग उचलीन अन् येईन."

सोमवारी सकाळी ती गेली. त्याच संध्याकाळी रत्नपालनं आपलं ब्रह्मास्त्र काढलं. वांग्याची भाजी, तर्रीवाली, जिच्यासाठी माणसं आहेराचं पाकीट विसरतात पण दुसऱ्यांदा पंगतीला बसायचं विसरत नाहीत. सुजातानं तर्रीत एक बोट बुडवलं, ते चाटलं आणि घराच्या चार भिंती हादरतील असा गळा काढला. रत्नपालनं तिला साखर दिली, पाणी दिलं, खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवलं. शेवटी गपचूप फकीरचाचाच्या दुकानातून एक पाकीट आणलं.

फोन वाजला. शीतल विचारत होती, काय जेवली.

"दोन भाकरी खाल्ल्या," रत्नपाल म्हणाला. "भाजी तर मागून मागून घेतली."

शीतलनं पुन्हा विचारलं, "दोन भाकरी?"

"बारक्या होत्या," रत्नपाल म्हणाला. पंगतीचा माणूस, त्याला थापही थोडक्यात मारता येत नव्हती.

मंगळवारी त्यानं डोकं लावलं. पोरीला लग्नाचं जेवण तिखट लागतं, तर मुगाची खिचडी करू. पण खिचडी किती करायची? शंभर माणसाला बारा किलो तांदूळ, चार किलो डाळ, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. एका माणसाला किती, हा प्रश्न त्याला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं कॅलेंडरच्या मागं भागाकार मांडला. आचाऱ्यांच्या हिशेबात लेकरू म्हणजे अर्धं माणूस, म्हणून आलेल्या उत्तराला पुन्हा दोननं भागलं. साठ ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ. फकीरचाचाकडून छोटा काटा मागून आणला आणि सोनार बसावा तसा डाळ तोलत बसला. भागाकार बराबर होता. तांदूळ भागला गेला, डाळ भागली गेली, मीठही भागलं गेलं. जाळ तेवढा भागायचा राहिला. सवयीनं त्यानं गॅस भसाभस मोठा सोडला आणि साठ ग्रॅम तांदळाचा पाच मिनिटांत कोळसा झाला.

सुजातानं पातेल्यात डोकावून पाहिलं. "हे जळलं," ती म्हणाली आणि चप्पल घालून दुकानाच्या दिशेनं निघालीसुद्धा.

बुधवारी त्यानं मोबाईलची मदत घेतली. पांढऱ्याशुभ्र ओट्यामागं उभी राहून एक बाई सांगत होती की मुलं डोळ्यांनी जेवतात, म्हणून पदार्थाला आकार द्या. त्या ओट्यावर कधी काही शिजलं असेल असं वाटत नव्हतं, पण बाई हसरी होती. रत्नपालनं ज्वारीच्या पिठात मेथी घालून अस्वलाच्या आकाराचा धपाटा थापला. कान लावले, शेंगदाण्याचे डोळे बसवले, टमाट्याची जीभ लावली. अस्वल इतकं झकास झालं की त्यानं त्याचा फोटो काढला. सुजाताही खूष झाली. तिनं अस्वलाला ताटलीतून अलगद उचललं, उशीवर ठेवलं, वर रुमाल पांघरला आणि तोंडावर बोट ठेवून बापाला गप्प केलं.

"खाय की माय," रत्नपाल काकुळतीला आला.

"झोपलाय तो," सुजाता म्हणाली.

त्या दिवशी दुकानात फकीरचाचाची बायको अमीरबी बसली होती. तिनं पाकीट दिलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "रत्नपाल बेटा, सोमवारपासून हे पाचवं हाये."

"पाव्हणे आलेत, खाला."

"मला तर कुणी पाव्हणा दिसून न्हाई राहिला," अमीरबी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शीतलला फोन लावला. चुगली करायचा तिचा स्वभाव नव्हता, पण शेजारचं लेकरू रंगीत भुशावर जगतंय हे तिला पाहवेना. शीतलनं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि फोन ठेवला. रत्नपालला यातलं काही माहीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो पार हरला. पोरीच्या नादात तीन दिवस त्याच्याही पोटात धड काही गेलं नव्हतं. शीतलला खरं सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. ती परीक्षा सोडून येणार आणि त्याचं खापर जन्मभर आपल्या डोक्यावर फुटणार, हे त्याला दिसत होतं. पण फोनवर बोलण्याआधी पोटात काहीतरी टाकणं भाग होतं. त्यानं साधं वरण फोडणीला टाकलं, त्यात हळद आणि गुळाचा खडा घातला, कणीक मळून पोळी लाटली आणि तिचे तुकडे उकळत्या वरणात सोडले. चकोल्या. काटा नाही, भागाकार नाही, मोबाईल नाही. सुजाताला तर त्यानं विचारलंसुद्धा नाही. वरण निवल्यावर ताट वाढून घेतलं आणि चटईवर बसला.

आता आचाऱ्याची एक रीत असते. दिवसभर तो दुसऱ्यांना वाढतो, पण शेवटच्या पंगतीला एकदा खाली बसला की मग उठत नाही आणि भांड्याला हात लावत नाही. त्याला दुसऱ्यानंच वाढायचं. रत्नपालचं पहिलं वाढप संपलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून आपसूक गेलं, "वरण आणा, वरण."

घरात होतं कोण? तो स्वतःशीच चरफडला आणि उठायला लागला. तेवढ्यात सुजाता ओट्यापाशी गेली. दोन्ही हातांनी कोमट भगुलं छातीशी धरून डुलत डुलत आली. "बसा, बसा. उठू नका," ती म्हणाली आणि पळीभर चकोल्या वाढल्या. त्यातल्या निम्म्या ताटात पडल्या, बाकीच्या त्याच्या मांडीवर.

"बास," रत्नपाल म्हणाला.

"आसं कसं, पाव्हणं? घ्या. लाजू नका."

त्यानं रीतीप्रमाणं ताटावर हात आडवा धरला. तिनं रीतीप्रमाणं हातावरच वाढलं. मग कमरेवर हात ठेवून ती रिकाम्या भिंतीकडं वळली आणि ओरडली, "ए गाढवा, तिकडं मीठ कोण वाढणार, तुझा आजा?"

आवाज लेकराचा, पण बोलणं शब्द न् शब्द रत्नपालचं. लग्नांत पिठाच्या पोत्यावर बसवून ठेवायचा तिला, तेव्हा पोरीनं सगळं टिपून ठेवलं होतं. रत्नपालला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्याचं जेवण झालं तशी सुजातानं स्वतःची ताटली घेतली, त्याच्या शेजारी मांडी घातली आणि जाहीर केलं, "आता वाढप्याची पंगत."

ती जेवायला लागली. तिच्याकडं पाहिलं तर ती थांबेल, या भीतीनं रत्नपाल समोरच्या कॅलेंडरातल्या तारखा एकेक करून वाचत बसला. महिना संपला तरी ती चावतच होती.

त्या रात्री फोनवर तो शीतलला म्हणाला, "चार चकोल्या खाल्ल्या तिनं." चारच सांगितल्या, खऱ्या तर सात होत्या. पण तीन दिवस थापा मारलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतं? शीतल नुसतं हं म्हणाली.

शुक्रवारी त्यानं अमीरबीला आणि फकीरचाचाला जेवायचं आवतण दिलं. पंगत जेवढी लांब तेवढी वाढपी खूष, असा त्याचा साधा हिशेब. अमीरबी एवढंच म्हणाली, "येतो बेटा," आणि शीतलला केलेल्या फोनचं काही बोलली नाही. सातच्या सुमारास तिघं ओळीनं चटईवर बसले. सुजातानं खांद्यावर टॉवेल टाकला होता. फकीरचाचाला तिनं इतकं वाढलं की तो बिचारा दाढीला हात लावून माफी मागायला लागला.

दारात चपला वाजल्या. खांद्याला बॅग, केसांवर रस्त्याची धूळ, चेहरा पेटलेला, अशी शीतल उभी होती. शुक्रवारची शेवटची हजेरीची सही ठोकून, मिळेल त्या जीपनं ती आली होती. बोलायला तिनं तोंड उघडलं.

"बाई, चपला तिकडं काढा," सुजाता म्हणाली. "जागा हाये, बसा."

शीतलनं अमीरबीकडं पाहिलं. अमीरबीनं ताटात पाहिलं. शीतल चपला काढून बसली. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, म्हणून बसली. समोर ताट आलं. दोन पळ्या चकोल्या आल्या, वर तुपाची धार आली. "घ्या बाई, लाजू नका. घरचंच लग्न हाये."

शीतलनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. या घरात ती रोज सगळ्यांच्या मागून, ओट्याला टेकून, पातेल्यात उरलेलं खात आली होती. कुणी तिला बसवून वाढलं नव्हतं. हे आपल्याला सलत होतं, हेही तिला आताच कळलं.

रत्नपालला ते दिसलं. मांडवात कोण उपाशी आहे हे तो शंभर फुटांवरून ओळखायचा, आणि ही नऊ वर्षं ओट्यापाशी, त्याच्यापासून चार फुटांवर होती. त्याला स्वतःची लाज वाटली. पंगतीतून मधेच उठायचं नसतं, पण तो उठला. पोरीच्या हातातली पळी घेऊन त्यानं बायकोच्या ताटात वाढलं.

"मीठ जास्ती झालं," शीतल नाक पुसत म्हणाली. "वाढा अजून."

सगळ्यांचं झाल्यावर सुजाता एकटी बसली आणि वाढप्याच्या पंगतीत आठ चकोल्या जेवली. शीतलनं आपल्या डोळ्यांनी मोजल्या. फकीरचाचा आणि अमीरबी घरी गेले.

"मी फोनवर खोटं बोललो," रत्नपाल म्हणाला.

"तुम्ही दोन भाकरी म्हणाले तवाच कळलं मला. ती काय हमाल हाये का?" शीतल ताटावरच बसून होती. "परीक्षा उद्या अकराला हाये."

"सकाळी गाडीवर सोडतो. नऊच्या आत हिंगोलीत."

"सोडाल. पण पास झाले तर महिन्यातले वीस दिवस मी फिरतीवर राहीन. यायला रोज अंधार होईल. अन् दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील तुमची. मग संध्याकाळी हिच्या पंगतीला कोण बसणार?"

रत्नपालनं पोरीकडं पाहिलं. ती टॉवेल पांघरून चटईवरच झोपली होती, हाताला वरण तसंच.

"लग्नाला दुसरा आचारी भेटते," तो म्हणाला, आणि वाकून त्यानं बायकोचं उष्टं ताट उचललं.

शीतलनं त्याला अडवलं नाही.